बायडाबाईंच्या गुडघ्याचं माप

आमच्या नगर जिल्ह्यात साहेब व्हायला परीक्षा द्यावी लागत नाही. बारशालाच पोराच्या नावाला साहेब चिकटवतात, मग पुढे तो कलेक्टर होवो नाहीतर म्हशी राखो. मिरजगावात आमच्या एकट्या आळीत सहा साहेब आहेत आणि त्यांतल्या एकालाही ऑफिस नाही. काकासाहेब सुतार त्यांतलेच एक. बाकीच्या पाचांबद्दल लिहावं असं मला कधी वाटलं नाही. काकासाहेबांबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण या गोष्टीत त्यांना आडवा गेलेला माणूस मीच आहे, आणि सगळ्यांदेखत तोंडावर पडलेलाही मीच.

माझी ओळख थोडक्यात सांगतो. मी सुमंत, प्राथमिक शाळेचा निवृत्त मास्तर. छत्तीस वर्षं पोरांना पाढे शिकवले, त्यामुळे आवाज मोठा आणि दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय कमी. गाव मला गुरुजी म्हणतं. आमच्या आळीच्या भैरवनाथाची जी यात्रा कमिटी आहे तिचा चिटणीस गेली बावीस वर्षं मीच, आणि यात्रेच्या पंगतीला ‘उठा मंडळी’ म्हणायचा मानही माझाच.

ही पंगत चैत्रात असते. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळापुढच्या पटांगणात सगळी आळी एकत्र जेवते. आमटी तिथेच मोठ्या काहिलीत शिजते, भाकरी मात्र घरोघरून येतात. ज्याने त्याने आपल्या टोपल्यातल्या भाकरी आणायच्या आणि मध्ये अंथरलेल्या धोतरावर ओतायच्या. बागाईतदाराच्या घरची पातळ पांढरी भाकरी आणि रोजंदारीवाल्याच्या घरची जाडजूड भाकरी एकाच ढिगात पडते. आपल्या पत्रावळीवर कुणाच्या घरची आली, हे विचारायचं नाही. आधी पुरुष बसतात, मग बायका, आणि राबणारी माणसं सगळ्यांत शेवटी. पण एका पंगतीत शेवटच्या माणसाचं जेवण झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही, असा जुना नियम. सगळ्यांचं उरकलं की मी ओरडणार आणि अख्खी पंगत एकदम उठणार.

या पंगतीच्या आमटीवर तीस वर्षं काकासाहेबांच्या बायकोची, बायडाबाईंची, नजर होती. आचारी कुणीही असो, बायडाबाई पळीतली चार थेंब आमटी तळहातावर घेऊन चाटणार, क्षणभर डोळे मिटणार आणि मगच काहिलीखालची लाकडं ओढायला सांगणार. मीठ कमी असेल तर आचाऱ्याची चारचौघांत हजामत व्हायची. बाईंचं तोंड तिखट, पण त्यांनी पास केलेल्या आमटीला कुणी नाव ठेवल्याचं मला आठवत नाही.

मग त्यांचे गुडघे गेले. आयुष्यभर भाकरी थापायला आणि खुरपायला उकिडवं बसलेल्या बाईचे जातात तसेच गेले. मांडी घालता येईना. खाली बसलं तर उठवायला दोन माणसं लागायची. त्या वर्षी कमिटीने मोठ्या प्रेमाने त्यांच्यासाठी लाल प्लॅस्टिकची खुर्ची मांडली, लाऊडस्पीकरच्या खांबाशी. पुढे सगळ्या बायका रांगेत मांडी घालून बसलेल्या, आणि या एकट्या मागे खांबाला टेकून, मांडीवर पत्रावळ घेऊन. येणारी-जाणारी प्रत्येक बाई थांबून विचारायची, ‘‘बरं न्हाई का वं?’’ चौथ्यांदा कुणीतरी विचारलं तेव्हा बायडाबाईंनी पत्रावळ खुर्चीवर ठेवली आणि काठी टेकत घरी गेल्या. घर पटांगणाच्या समोरच. दार उघडंच ठेवलं, पण परत आल्या नाहीत.

पुढच्या वर्षीपासून काकासाहेबही येईनासे झाले. मी विचारायला गेलो तर म्हणाले, ‘‘ती तिकडं चुलीपाशी एकटी खानार आन मी हितं पंगतीत बसू व्हय?’’ एवढंच बोलले. या माणसाला बोलायचं असलं की तो रंधा मारतो.

काकासाहेब सुतारकाम शिकले बापाकडून. औतं, तिफणी, बैलगाडीची चाकं. हात बसला तोवर गावात ट्रॅक्टर आले. मग दारं-खिडक्या करायला लागले, तर लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या आल्या. पलंग केले, तर नगरहून टेम्पो भरून तयार पलंग यायला लागले, मुंग्या लागल्यागत. शेवटी हातात राहिले ते पाट. जेवायचे, लग्नाचे, गौरी बसवायचे. एकही खिळा न मारता नुसत्या खाचेत पट्ट्या बसवून पाट करावा तो काकासाहेबांनीच. आमच्या भागात त्यांच्या हातचा पाट नाही असं घर शोधूनही सापडायचं नाही. पण पाटावर बसायला गुडघे लागतात, आणि ज्या बाईने त्यांना चाळीस वर्षं पाटावर जेवायला वाढलं तिलाच त्यांच्या पाटाचा उपयोग उरला नव्हता. हे त्या माणसाला फार लागलं होतं. मला ते तेव्हा दिसलं नाही.

हायवे रुंद झाला तेव्हा कडेचे जुने कडुलिंब पडले. त्यांतले तीन मोठे बुंधे काकासाहेबांनी आणून परसात रचले. दोन वर्षं नुसते वाळत ठेवले. लोक म्हणायचे, सुताराने सरणाची तयारी आधीच करून ठेवलीय. मग एक दिवस त्यांनी बायडाबाईंना दारातल्या ओट्यावर बसवलं, खिशातला सुताराचा दोरा काढला, टाचेपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत ताणला आणि तिथे गाठ मारली. दुसरी गाठ बसल्यावर हात सहज टेकेल तिथे. बायडाबाई म्हणाल्या, ‘‘काय म्हशीचं माप घेताय का?’’ काकासाहेबांनी दोरा गुंडाळून खिशात घातला. पुढचं वर्षभर परसात करवत, वाकस आणि रंधा यांचाच आवाज होता.

या चैत्राच्या आधी महिनाभर कमिटीची बैठक होती. त्यात मी एक ठराव मांडला: यंदापासून पंगत बंद, बुफे सुरू. मंडपवाल्याची टेबलं लावायची, ज्याने त्याने ताट घ्यायचं, उभ्याने खायचं, मोकळं व्हायचं. वेळ वाचतो, शिस्त राहते, जमाना बदललाय, असं बरंच काही मी बोललो. आवाज मोठा असल्यामुळे ते खरंही वाटलं. ग्रामपंचायतीतला तरुण मेंबर सुनील तर खूशच झाला. तेवढ्यात दारातून काकासाहेब म्हणाले, ‘‘गुरुजी, ठराव करायच्या आदी माझ्याकडं येकदा जेवायला या. समदी कमिटी या.’’

गेलो. परसात पाहतो तर लिंबाची लांबलचक बाकं, एकेका बाकावर आठ माणसं बसतील अशी. प्रत्येक बाकापुढे तितकीच लांब फळी, आपल्या पायांवर उभी. उंची टेबलाइतकी नाही आणि पाटाइतकी खालीही नाही, दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. अशी बारा बाकं आणि बारा फळ्या. फळीत प्रत्येक माणसापुढे वाटीएवढा उथळ खळगा कोरलेला. हा खळगा कशाला, ते पंगतीत जेवलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. पत्रावळीशेजारी ठेवलेला आमटीचा द्रोण कधीच सरळ उभा राहत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपण त्याला खडा लावतो नाहीतर भाकरीचा तुकडा, आणि तरी तो कलंडतोच. काकासाहेबांच्या खळग्यात द्रोण असा बसला की हलवून पाहिला तरी हलेना.

सुनील म्हणाला, ‘‘काका, लिंबाची फळी हाय. आमटी कडू लागंल.’’

‘‘दोन वरीस वाळवलाय. वरनं करडीचं त्याल पाजलंय,’’ काकासाहेब म्हणाले. ‘‘चाटून बग.’’

सुनीलने चाटली नाही. आम्ही आठ जण एका बाकावर बसलो. टोकाला मी, माझ्याशेजारी कमिटीचे अध्यक्ष आप्पासाहेब, ज्यांचं वजन मी इथे लिहीत नाही, आणि दुसऱ्या टोकाला सुनील व त्याची मंडळी. बायडाबाईंनी आमटी-भाकरी केली होती. खरं सांगतो, बसल्याबरोबर मला बरं वाटलं. पाय जमिनीवर टेकले होते, घास तोंडापर्यंत सरळ येत होता. आता दोन शब्द कौतुकाचे बोलावेत असं मनात होतं आणि मी द्रोण उचलून आमटीचा भुरका मारत होतो. तेवढ्यात सुनीलचा मोबाईल वाजला.

तो उठला. त्याच्या मागे त्याचे तिघे उठले. आणि आमचं टोक खाली गेलं. आधी मी जमिनीवर, माझ्यावर आमटी आणि आमटीवर आप्पासाहेब. बाक माझ्या डोक्यावर तिरकं उभं. सुनीलने मोबाईल कानाला लावला होता, तो त्याने काढून आमचा फोटो घेतला. हा फोटो संध्याकाळच्या आत आळीतल्या प्रत्येक मोबाईलवर पोचला.

काकासाहेबांची चूक सरळ होती. बाकाचे पाय त्यांनी टोकाला लावायचे सोडून दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसांइतके आत घेतले होते, म्हणजे टोकाने आत शिरणाऱ्या बायकांचं लुगडं पायात अडकू नये आणि बाकाला बाक भिडवता यावं. एका बाजूची माणसं उठली तर काय होईल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मला हात देऊन उठवताना ते खरोखर आश्चर्याने विचारत होते, ‘‘पन गुरुजी, पंगतीतनं मदीच कोन उठतं?’’

मला वाटलं, हा माणूस मला टोमणा मारतोय. लेंगा आमटीने भरलेला, पोरं हसतायत. माझं टाळकं फिरलं. मी म्हणालो, ‘‘म्हातारी माणसं मारायला निघालात का? पाट करा, पाट! बाकं करणं तुमचं काम नाही.’’ आणि तिथेच, आमटी निथळत असताना, बुफेचा ठराव मंजूर झाल्याचं जाहीर केलं. काकासाहेबांनी बाक सरळ केलं, फडक्याने पुसलं. बायडाबाई दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या घरी आल्या. आमच्या दोन घरांमध्ये तीन बोळ आहेत, आणि ते त्या काठी टेकत, मध्ये दोनदा थांबून आल्या होत्या. माझ्या बायकोने, अंबिकाने, त्यांना खुर्ची दिली आणि चहा टाकला.

‘‘काकासाहेबांना राग आला असेल,’’ मी म्हणालो.

‘‘त्येंला राग येत न्हाई. पहाटंपास्नं बाकांचं पाय सरकावत बसल्यात. राग मला आलाय.’’ बायडाबाईंनी काठी भिंतीला लावली. ‘‘गुरुजी, तुमी तीन वरीस पंगतीला बसला न्हाई.’’

‘‘मला देखरेख असते. कुणाला काय हवं-नको बघायला लागतं.’’

‘‘माझ्या दारातनं समदी पंगत दिसती. तुमी खांबामागं उभ्यानं खाता. दोन घास, लपून. आन घरीबी पाट सोडलाय, व्हय का न्हाई?’’

मी अंबिकाकडे पाहिलं. अंबिका चहाकडे पाहत होती. बायकांच्या बोलण्यात आमच्या घरातलं काय काय तीन बोळ पार करून गेलं होतं कुणास ठाऊक.

‘‘तुमच्या गुडघ्याला देखरेख म्हनायचं आन माझ्या गुडघ्याला म्हातारपन, असं हाय का?’’ बायडाबाई म्हणाल्या. ‘‘समद्यांनी उभ्यानं खाल्लं की तुमचं झाकून जातंय, म्हनून बुफे. मला का कळत न्हाई? पन मी कुटं उभी ऱ्हाऊ, गुरुजी? मला तर दोन मिन्टं उभंबी ऱ्हावत न्हाई. चार वरीस मी मानसांत जेवली न्हाई.’’

चहा न घेताच त्या उठल्या. मला इतकी लाज मास्तरकीच्या पहिल्या दिवशी पोरांनी खडू लपवला तेव्हाही वाटली नव्हती. त्यांनी बोललेलं अक्षर न्‌ अक्षर खरं होतं.

दुपारी मी एकटाच काकासाहेबांच्या परसात गेलो. दोन बाकांचे पाय टोकाला सरकले होते, मधून आडवी पट्टी आली होती. त्यांनी बाकाकडे बोट दाखवलं, तसा मी एकटा टोकावर बसलो. बाक जागचं हललं नाही. मी थोडं उडूनही पाहिलं. काकासाहेबांनी खिशातून दोरा काढून माझ्यापुढे धरला. मळका, दोन गाठींचा. ‘‘ही बायडीच्या गुडघ्याची गाठ. ज्याला ज्याला मांडी घालता येत न्हाई त्याला हीच उंची बसती. तुमालाबी बसली.’’ म्हणजे त्यांनाही माहीत होतं. माझे गुडघे लपलेत असं अख्ख्या आळीत फक्त मलाच वाटत होतं.

‘‘काकासाहेब, काल मी चुकीचं बोललो,’’ मी म्हणालो.

‘‘पाय चुकलंच हुतं,’’ ते म्हणाले आणि पटाशी उचलली.

कमिटीची बैठक मी पुन्हा बोलावली. सुनीलने लगेच तोडगा काढला: बुफे ठेवायचा आणि कोपऱ्यात म्हाताऱ्या माणसांसाठी काकांची चार बाकं. सगळ्यांच्या माना हलल्या, माझीही हलायला लागली होती. काकासाहेब बैठकीत कधी आत येऊन बोलत नाहीत. त्या दिवशी उभे राहिले.

‘‘म्हातारी कोपऱ्यातच बसवायची तर लाल खुर्ची काय वाईट हुती? बसतील तर समदी बसतील. तरनीताठी, म्हातारी, समदी. एका बाजूला गडी, समोर बाया, एकाच टायमाला. बायांनी मागनं का जेवायचं? न्हाईतर माझी बाकं नकोत. मी फोडून त्याच्यावर आंगुळीचं पानी तापवीन.’’

गडी आणि बाया एकाच वेळी! आप्पासाहेबांनी ‘‘आवं, पन रीत...’’ असं काहीतरी सुरू केलं. मी उभा राहिलो आणि छत्तीस वर्षांच्या आवाजात सांगून टाकलं की माझे गुडघे तीन वर्षांपूर्वी गेले, मी खांबामागे उभ्याने खातो, आणि बुफेचा ठराव मी गावासाठी नाही तर ते झाकायला आणला होता. आप्पासाहेब हळूच म्हणाले, ‘‘माझंबी उजवं गुडघं गेलंय. त्या दिशी तुमच्या अंगावरनं लवकर उठलो न्हाई, ते मुद्दाम न्हवतं गुरुजी.’’ त्यावर जे हसू फुटलं त्यात निम्मा ठराव पास झाला. उरलेला निम्मा सुनीलच्या अटीवर: पहिली पंगत बाकांवर. त्यात एक जरी माणूस पडला, तर दुसऱ्या पंगतीपासून बुफे. मंडपवाल्याची टेबलं घडी करून तयार ठेवायची.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी पटांगणात बारा बाकं लागली. सहा एका बाजूला, सहा समोर, मध्ये वाढप्यांना जायला वाट. टेबलं देवळाच्या भिंतीला लावून ठेवली होती आणि सुनील त्यांच्याजवळच घोटाळत होता. भाकरींचा ढीग कमरेएवढा झाला. पानं पडली. अठ्ठेचाळीस गडी बसले, अठ्ठेचाळीस बाया बसल्या, आणि गावाने पहिल्यांदाच एकमेकांना समोरासमोर जेवताना पाहिलं. सासरे समोर असलेल्या सुनांनी पदर सावरले, मग हात भाकरीला लागले तसं ते विसरून गेल्या. बायडाबाई सगळ्यांत शेवटी आल्या. काठी बाकाखाली सरकवली आणि बायांच्या रांगेच्या अगदी मधोमध बसल्या. कुणी ‘बरं नाही का’ म्हणून विचारलं नाही. त्यांच्या थेट समोर, गड्यांच्या रांगेत, काकासाहेब. त्यांच्याशेजारी मी. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झालेली ती दोघं पंगतीत एकाच वेळी बसायची ही पहिलीच वेळ, हे मला तेव्हा कुठे कळलं.

‘चांगभलं’ झालं आणि जेवण सुरू झालं. द्रोण खळग्यात ठाम बसले होते. वाढपीही खूश, कारण त्यांना कंबर मोडून वाकायला लागत नव्हतं. मोबाईल वाजले, एक सोडून दहा वाजले, पण कुणी उठेना. माझा तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला होता. आपण उठलो आणि टोकाचा माणूस पडला तर काय, या धास्तीने तगडी तगडी पोरं बाकाला चिकटून बसली होती. पाय टोकाला सरकवलेत हे त्यांना सांगितलं होतं, पण विश्वास कोण ठेवतो! मीही पुन्हा सांगायच्या भानगडीत पडलो नाही.

वीस मिनिटांत बहुतेकांचं आटोपलं. मी दोन्ही रांगांवर नजर फिरवली. पंचाण्णव पत्रावळी रिकाम्या, आणि एक चालू. बायडाबाई आमटीत भाकरी कुस्करून, सावकाश, एकेक घास चावून खात होत्या. चार वर्षांचं जेवण त्या एका बैठकीत जेवत होत्या. सगळं पटांगण त्यांच्याकडे पाहत होतं. दुसऱ्या पंगतीची माणसं दोरीपलीकडे उभी राहून ‘‘गुरुजी, आवरा की!’’ म्हणून ओरडायला लागली होती. सुनीलने मनगटावरचं घड्याळ मला दाखवलं.

बायडाबाईंनी मान वर केली. सगळे आपल्यासाठी थांबलेत हे त्यांच्या लक्षात आलं. हात पत्रावळीवर थबकला. आता त्या उरलेली भाकरी तशीच टाकून उठणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात माझ्याशेजारून काकासाहेबांचा आवाज आला. त्यांची पत्रावळ कधीच लख्ख झाली होती. ते वाढप्याला म्हणाले, ‘‘मला अजून अर्धी वाढ.’’

त्यांना भूक नव्हती. ती एकटी जेवू नये, एवढंच होतं. बायडाबाईंनी समोर पाहिलं, आणि त्यांचा हात पुन्हा भाकरीकडे गेला. ‘‘मलाबी अर्धी वाढा,’’ मी म्हणालो. मग आप्पासाहेब म्हणाले. मग समोरून माझी अंबिका म्हणाली, मग तिच्या पलीकडच्या तिघी. बघता बघता दोन्ही रांगांतून हात वर व्हायला लागले. अर्धी हिकडं, अर्धी तिकडं, आमटी आणा! वाढपी पळायला लागले. भाकरीचा ढीग कमरेवरून गुडघ्यावर आला. दोरीपलीकडची माणसं आता ओरडायची थांबून हसत होती, आणि सुनीलने मोबाईल खिशात घालून आमटीची बादली उचलली. माझे डोळे भरून आले होते. खोटं कशाला बोलू, मी बाहीने नाक पुसलं.

बायडाबाईंचा शेवटचा घास संपला. त्यांनी द्रोण उचलून तळातली आमटी प्यायली, तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. मी आयुष्यात दिला नसेल एवढ्या मोठ्या आवाजात ओरडलो, ‘‘उठा मंडळी!’’

शहाण्णव माणसं एकदम उठली. बाकं जागची हलली नाहीत. मंडपवाल्याची टेबलं घडी न उलगडताच परत गेली, आणि दुसरी पंगत पाऊण तास उशिरा बसली तरी कुणी भांडलं नाही.

हात धुवायच्या नळाशी बायडाबाईंनी मला गाठलं. भोवती आळीतल्या दहा-बारा बाया, मागे काकासाहेब. मला वाटलं, आभार मानणार. त्या म्हणाल्या, ‘‘गुरुजी, आमटीत मीठ कमी हुतं. चार वरीस हितनं वास यायचा तवाच मला कळायचं. पुढल्या साली काहिलीपाशी मी असनार. आचाऱ्याला आत्ताच सांगून ठिवा.’’

‘‘पण बायडाबाई, काहिलीपाशी तासभर उभं राहायला लागतं,’’ मी म्हणालो.

त्या काही बोलायच्या आत काकासाहेबांनी खिशातून तो मळका दोरा काढला होता. ओल्या हातानेच त्यांनी बायकोच्या टाचेशी एक टोक धरलं, दुसरं वर ताणायला लागले आणि विचारलं, ‘‘काहिलीचा काठ तुज्या कमरंला लागतो का छातीला?’’

‘‘आवं, लोकं बघत्यात!’’ बायडाबाई म्हणाल्या.

‘‘बगू दे,’’ काकासाहेब म्हणाले, आणि दोऱ्याला तिसरी गाठ मारली.